यादीतलं नाव

[पडद्यावर: १९५१-५२च्या निवडणुकीची कृष्णधवल छायाचित्रं. मतदानासाठी उभ्या बायकांची रांग.]

स्वतंत्र भारताची ही पहिली सार्वत्रिक निवडणूक. १७ कोटींहून जास्त मतदार, आणि त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण या रांगेत ज्या बायका दिसत नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात करू.

मतदार यादी करायला कारकून घरोघर फिरत होते. उत्तरेत अनेक घरांत दारी आलेल्या परक्या पुरुषाला बाई आपलं नाव सांगेना. मग वहीत नोंद व्हायची : अमक्याची आई, तमक्याची बायको. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना हे पटेना. बाई मतदार असेल तर तिच्या स्वतःच्या नावानं, असा त्यांचा आग्रह होता. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि तेव्हाची मध्य भारत, विंध्य प्रदेश ही राज्यं, इथल्या त्या बायका.

सेन यांच्या हेतूबद्दल मला आदरच आहे. पण त्या २८ लाख जणी इथल्याच होत्या. त्यांच्या नागरिकत्वाबद्दल कुणाच्या मनात शंकाही नव्हती. वहीतला एक रकाना रिकामा राहिला आणि त्यांचं मत गेलं.

[पडद्यावर: फाळणीच्या काळातली निर्वासितांची छावणी.]

याच यादीची दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. यादीचं काम राज्यघटना मंजूर होण्याच्या आधीच सुरू झालं होतं. फाळणीत घरदार सोडून आलेली माणसं छावण्यांत होती. त्यांनी कागद कुठून आणायचे? आणि ठरावीक मुदतीच्या वास्तव्याची अट त्यांनी कशी पुरी करायची? घटना समितीच्या सचिवालयानं तोडगा काढला. या गावात, या शहरात कायम राहण्याचा माझा इरादा आहे, एवढं त्या माणसानं जाहीर केलं की तूर्त त्याचं नाव घ्यायचं. किती दिवस राहिला, हे विचारायचं नाही.

तरीही काही ठिकाणी नावं अडवली जात होती. १५ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत हे स्पष्ट बोलून दाखवलं. काही प्रांतांत वंशानं, भाषेनं किंवा संस्कृतीनं वेगळ्या असलेल्या लोकांना यादीबाहेर ठेवण्याची व्यवस्था होते आहे, अशी माहिती आल्याचं त्यांनी सांगितलं. म्हणून निवडणुकीची सूत्रं प्रांतांच्या हाती न ठेवता एका केंद्रीय आयोगाकडे द्यावीत, असा त्यांचा प्रस्ताव होता. आज आपण ज्याला निवडणूक आयोग म्हणतो, त्याच्या रचनेमागे ही काळजी आहे. पात्र माणूस यादीबाहेर राहू नये, ही.

[पडद्यावर: मुंबई. दाटीवाटीची वस्ती, अरुंद बोळ.]

१९९०च्या दशकात मुंबईतल्या काही वस्त्यांत लोकांच्या हाती नोटिसा पडल्या. नागरिक असल्याचं सिद्ध करा. दाखवायचं काय? जन्मदाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र किंवा नागरिकत्वाच्या नोंदवहीतली नोंद. झोपडपट्टीतल्या कष्टकऱ्याकडे यातलं काय असणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९५ साली लालबाबू हुसेन खटल्यात न्यायालयानं सांगितलं, की नाव आधीच्या यादीत असेल तर ते रीतसर चौकशी करूनच घेतलं होतं असं धरून चाला. शंका असेल तर तिचं कारण त्या माणसाला कळवा, त्याचं म्हणणं ऐका, तो आणेल तो पुरावा पाहा.

[पडद्यावर: बिहार. पावसाळा. ओसरीवर अर्ज भरणारी माणसं.]

आता २०२५. २४ जूनला निवडणूक आयोगानं बिहारमध्ये मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश काढला. साडेसात कोटींहून जास्त मतदार आणि अर्ज गोळा करायला साधारण एक महिना. आयोगाचं म्हणणं टाकाऊ नाही. घटनेच्या ३२६व्या कलमानुसार मत फक्त नागरिकालाच आहे. शिवाय बिहारमध्ये अशी सखोल तपासणी २००३ नंतर झालीच नव्हती. मेलेल्यांची, दुबार नोंदलेल्यांची नावं काढायलाच हवीत.

प्रश्न कागदांचा होता. २००३च्या यादीत ज्यांचं नाव नाही, त्यांच्यासाठी ११ कागदपत्रांची यादी दिली गेली. जन्मदाखला, पासपोर्ट, मॅट्रिकचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला वगैरे. घरोघर असतात ती आधार, रेशन कार्ड आणि आयोगानंच दिलेलं मतदार ओळखपत्र मात्र त्यात नव्हतं.

एखादी तीस वर्षांची बाई डोळ्यांसमोर आणा. जन्म घरी, सुइणीच्या हातून. शाळा पाचवी-सहावीत सुटलेली. लग्न दुसऱ्या जिल्ह्यात. २००३ साली ती आठ वर्षांची होती, म्हणजे त्या यादीत तिचं नाव असणं शक्यच नाही. आता तिनं स्वतःचा कागद शोधायचा, शिवाय माहेरच्या जुन्या यादीतून आई किंवा बापाच्या नावाचा उतारा आणायचा. नवरा सुरतेला नाहीतर भिवंडीला मागावर. मग माहेरी जायचं कुणी आणि मजुरी बुडवायची कुणी?

१ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळली. मृत, कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले, दुबार नोंदलेले, अशी कारणं दिली गेली. परदेशी असा वेगळा रकानाच त्यात नव्हता. गळलेल्यांची नावं कारणांसह जाहीर करा, हे १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ८ सप्टेंबरला आधार हा बारावा कागद झाला. ओळखीसाठी, नागरिकत्वासाठी नव्हे. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख मतदार उरले.

[पडद्यावर: अमेरिकेतलं कॅन्सस राज्य. गव्हाची शेतं.]

कॅन्ससमध्ये २०१३पासून नवीन मतदाराला नागरिकत्वाचा कागद दाखवणं सक्तीचं झालं. ३० हजारांहून जास्त लोकांची नोंदणी अडकली. न्यायालयानं आकडे तपासले. आधीच्या सुमारे १३ वर्षांत यादीत शिरलेले बिगरनागरिक निघाले ३९, तेही बरेचसे गैरसमजातून किंवा कारकुनी चुकीतून. २०१८ साली तो कायदा रद्द झाला.

[पडद्यावर: गोवा. कौलारू घराचं दार.]

२७ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या निवडणूक आयोगानं याच पुनरीक्षणाचा दुसरा टप्पा जाहीर केला. त्यातल्या १२ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत गोवाही होता. म्हणजे प्रश्न आता मराठी-कोकणी घरांच्या उंबऱ्यावर आला आहे. घरात सून असेल, तर तिच्या माहेरची जुनी यादी आत्ताच शोधून ठेवा. आणि गावातलं एखादं घर कुलूपबंद असेल, तर ती माणसं कामाला कुठं गेली आहेत, ते दारात आलेल्या अधिकाऱ्याला सांगा.