वसईहून आलेली घंटा

घंटेवरचं हे चित्र जरा जवळून बघा. बाई आहे, कडेवर बाळ आहे. नवख्या माणसाला वाटतं यशोदा-कृष्ण असावेत. ही मेरी आणि बाळ येशू. साल पण आहे, 1707. आणि घंटा टांगलीय कुठे, तर वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर, महादेवाच्या देवळापाशी. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास सांगतात.

ही लढाईतली खूण आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेने मे 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, बुरुजाखाली सुरुंग लावून तट फोडला, आणि तिथल्या घंटा मग सह्याद्री ओलांडून देशावर आल्या. मराठ्यांची हजारो माणसं पडली, वसई-साष्टीतली पोर्तुगीजांची सत्ता संपली.

आता घंटेकडे या परत. गावात हिला पंचधातूची म्हणतात. अशा घंटांचा मुख्य माल म्हणजे कांसं, साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. कथील जास्त पडलं की घंटा ठिसूळ होते, ठोक्याने तडकू शकते, कमी पडलं की आवाज बद्द येतो. मातीचा एक साचा आतून, एक बाहेरून, मधल्या फटीत वितळलेला रस ओतायचा आणि मग घाई न करता निवू द्यायचं. चित्र आणि अक्षरं साच्यातच उलटी उमटवलेली असतात, म्हणून ती नंतर कोरल्यासारखी न दिसता अंगातूनच वर आल्यासारखी दिसतात. बोट फिरवलं की कळतं.

आणि गंमत बघा, चर्चमध्ये दोर ओढला की बऱ्याचदा अख्खी घंटा झुलते. आपल्याकडे घंटा जागची हलत नाही, आपण लोलक हलवतो. म्हणजे वस्तू तीच पण वाजवायची रीत बदलली. मेरीला मात्र कुणी कानस लावली नाही, ती आहे तशीच राहिली, आणि मला विचाराल तर या सगळ्यात हीच सगळ्यात भारी गोष्ट आहे.

अजून एक. मेणवली म्हटलं की नाना फडणवीसांचा वाडा, मग लोक सरळ म्हणतात घंटा नानांनी आणली. पण वसई पडली तेव्हा नाना जन्मलेच नव्हते, त्यांचा जन्म 1742 चा, आणि मेणवली गाव त्यांना मिळालं 1768 मध्ये. म्हणजे वसई ते मेणवली हा प्रवास काही एका दमात झालेला नसावा.

अशीच एक भीमाशंकरला आहे, शनीच्या देवळापुढे. आणि ही नाशिकची, पंचवटीत गोदाकाठी, सरदार नारोशंकरांनी 1747 मध्ये बांधलेल्या देवळाच्या दर्शनी तटात. हिच्यावर 1721 साल आहे. या घंटांवर ऑइलपेंट फासू नका, नाण्याने नावं कोरू नका, वाजवायची तर लोलकाने वाजवा, दगडाने नको. कांसं एकदा तडकलं की आवाज गेलाच, आणि वेल्डिंग करून तो पहिल्यासारखा आणणं फार अवघड काम आहे.

नाशिककर गोदेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, गुडघा, कंबर, छाती असं. पण पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं म्हणाले की समजायचं, महापूर. आम्ही गेलो तेव्हा नदी शांत होती, खाली धुणी वाळत होती.