शेवटानंतरचा डाव : ‘क्रोनो ट्रिगर’ आणि न्यू गेम प्लस

पडद्यावर दिसणारा हा मेळा गार्डिया राज्याच्या सहस्राब्दीचा आहे. मेळ्याच्या एका टोकाला लुक्का नावाच्या तरुण संशोधिकेने दोन यंत्रे मांडली असून, एका यंत्रात उभा केलेला माणूस दुसऱ्या यंत्रात प्रकट होतो, असा तिचा प्रयोग आहे. ‘क्रोनो ट्रिगर’ हा कालप्रवासावरचा व्हिडिओ गेम पहिल्यांदा खेळणाऱ्याला इथे या दोन यंत्रांपलीकडे काही दिसत नाही. गेम एकदा संपवून पुन्हा आलेल्या खेळाडूला मात्र उजव्या यंत्रावर एक बारीकशी चमक दिसते. तिथे जाऊन बटण दाबले, की नायक क्रोनो थेट लाव्होससमोर उभा राहतो. वीस-पंचवीस तासांच्या कथेच्या अखेरीस ज्याच्याशी गाठ पडायची, तो शेवटचा शत्रू मेळा अजून रंगात असतानाच पुढ्यात येतो.

हा गेम स्क्वेअर या जपानी कंपनीने मार्च 1995 मध्ये निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रासाठी प्रकाशित केला. ‘फायनल फँटसी’चे जनक हिरोनोबू साकागुची, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे युजी होरी आणि चित्रकार अकिरा तोरियामा ही त्या काळात एका छताखाली येणे अशक्यप्राय वाटणारी मंडळी त्यासाठी एकत्र आली होती. गेम पूर्ण झाल्यावर कमावलेल्या सामर्थ्यासह तो पुन्हा सुरू करण्याच्या सोयीला न्यू गेम प्लस हे नाव याच गेमने दिले आणि पुढे ते सगळ्या गेमविश्वाने उचलले. दुसऱ्या फेरीची कल्पना त्याहून जुनी आहे. 1985 च्या ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’मध्ये खरा शेवट पाहायचा तर संपूर्ण गेम दोनदा पार करावा लागे, आणि 1986 च्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’मध्ये शेवटानंतर भुयारांची वेगळी मांडणी असलेली दुसरी मोहीम उघडत असे. मात्र या दोन्ही ठिकाणी खेळाडू पुन्हा रिकाम्या हातांनीच सुरुवात करत असे.

‘क्रोनो ट्रिगर’ने हात भरलेले ठेवले. पात्रांची लेव्हल, शिकलेली तंत्रे, शस्त्रे आणि चिलखते नव्या डावात जशीच्या तशी येतात. पैसे येत नाहीत, पण शेवटच्या टप्प्यातली शस्त्रे जवळ असताना सुरुवातीच्या दुकानांत जाण्याची गरज कुणाला पडणार! खरी मेख आहे ती काढून घेतलेल्या वस्तूंमध्ये. बेडूकरूपी योद्धा फ्रॉग याची मासामुने ही तलवार आधीच्या डावात कितीही पराक्रम गाजवून आलेली असली, तरी नव्या डावात ती सोबत येत नाही. कारण या कथेत ती तलवार मुळात मोडलेली आहे. तिचे पाते एका डोंगरावर मिळवावे लागते आणि ते सांधण्यासाठी लागणारा स्वप्नपाषाण शोधत साडेसहा कोटी वर्षे मागे जावे लागते. तलवार आधीच म्यानात असती, तर हा सगळा प्रवास निरर्थक ठरला असता.

इथे या पद्धतीची रचना उघडी पडते. खेळाडूची प्रगती दोन प्रकारच्या नोंदींत असते : पात्रे किती बलवान आहेत याची नोंद, आणि कथेत काय काय घडून गेले आहे याची नोंद. न्यू गेम प्लस पहिली नोंद राखते आणि दुसरी पुसते. कागदावर हे काम सोपे वाटते, आणि म्हणूनच पुढे असंख्य गेमनी ते फारसा विचार न करता केले. परिणाम असा, की लेव्हल नव्वदचा वीर पहिल्या गावाबाहेरच्या किरकोळ राक्षसांना एका फटक्यात लोळवत सुटतो, तासाभरात त्याला कंटाळा येतो आणि गेम बंद होतो. सामर्थ्य दिले, पण ते खर्च करायला जागाच दिली नाही, असा हा प्रकार आहे.

‘क्रोनो ट्रिगर’मध्ये ती जागा आहे, कारण लाव्होसकडे जाण्याचा मार्ग कथा संपेपर्यंत बंद ठेवलेलाच नाही. निरनिराळ्या काळांत जाण्याच्या वाटा जिथे एकत्र येतात, त्या ‘काळाचा अंत’ नावाच्या ठिकाणची एक बादली खेळाडूला पहिल्या खेपेसही तडक 1999 सालात, लाव्होसच्या विध्वंसाच्या दिवशी घेऊन जाते. फक्त त्या वेळी अंगात ताकद नसते. दुसऱ्या खेपेस ती असते, आणि मग प्रश्न उरतो तो केव्हा जायचे एवढाच. या एका प्रश्नाच्या उत्तरांवर डझनभर वेगवेगळे शेवट बेतलेले आहेत. सरीसृपांची नेता अझाला हिचा पाडाव होण्याआधी लाव्होसला मारले, तर इतिहासाचा प्रवाहच वळतो आणि हजाराव्या सालात माणसांच्या जागी सरीसृप वावरताना दिसतात. मेळ्यातल्या त्या चमकेतून जाऊन एकट्या क्रोनोने किंवा क्रोनो आणि त्याची सोबतीण मार्ल यांनी दोघांत लाव्होसला हरवले, तर त्यांना गेम घडवणारी मंडळीच भेटतात. गेममधल्याच निरनिराळ्या पात्रांच्या वेशात ती उभी असतात आणि प्रत्येक जण दोन शब्द बोलतो. सर्वांत अवघड पराक्रमाचे बक्षीस म्हणून तलवार किंवा मुकुट न देता निर्मात्यांशी गप्पा देणे, ही मला या गेममधली सर्वांत लोभस खोडी वाटते.

तरीही दुसरा डाव केवळ ताकदीमुळे रंगतो, असे म्हणणे अपुरे ठरेल. त्यासाठी मेळ्यातच थोडे थांबायला हवे. धावता धावता क्रोनोची मार्लशी टक्कर होते, ती पडते आणि तिचे लॉकेट दूर जाऊन पडते. खेळाडू आधी तिची विचारपूस करतो की लॉकेट उचलतो? जवळच कुणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला आहे. तो खाल्ला तर तब्येत भरून निघते. एका लहान मुलीचे मांजर हरवले आहे. पहिल्या खेपेस या सगळ्या गोष्टी मेळ्यातली गंमत म्हणून केल्या जातात आणि विसरल्या जातात. पुढे राजकन्येला, म्हणजे मार्ललाच, पळवल्याच्या आरोपाखाली क्रोनोवर खटला उभा राहतो, आणि तेव्हा डब्याचा मालक, मांजर हरवलेली मुलगी असे साक्षीदार एकामागून एक कोर्टात येऊ लागतात. सात पंच एकेक करून कौल देतात. गंमत अशी, की निर्दोष ठरूनही तुरुंग चुकत नाही. कथा आपल्या वाटेने पुढे जातेच. तरीसुद्धा दुसऱ्या डावात बहुतेक खेळाडू त्या डब्याला हात लावत नाहीत. इथे लेव्हलचा काही उपयोग नसतो. आधीच्या डावातून सोबत आलेली गोष्ट खेळाडूच्या डोक्यात असते, आणि कुठलीही सेव्ह फाइल ती पुसू शकत नाही.

स्क्वेअरने पुढच्या ‘क्रोनो क्रॉस’मध्ये 45 खेळण्याजोगी पात्रे ठेवली आणि ती सगळी एका डावात मिळणार नाहीत अशी व्यवस्था केली. दुसऱ्या डावात वेळ जलद पुढे सरकवण्याचे साधनही दिले. सोय म्हणून ते उत्तमच आहे. पण खेळाडू हा डाव भराभर उरकून टाकू इच्छितो, याची ती अप्रत्यक्ष कबुलीही आहे.

सुपर फॅमिकॉमच्या काळातल्या सोळा-बिटी चित्रशैलीत आज गेम करणाऱ्यांनी हा वारसा निरनिराळ्या तऱ्हेने चालवला आहे. जर्मनीतल्या रॅडिकल फिश गेम्सच्या ‘क्रॉसकोड’मध्ये मागच्या डावात मिळवलेल्या ट्रॉफींच्या बदल्यात नव्या डावाचे नियम विकत घेता येतात : काय राखायचे, शत्रू किती कडवे करायचे, हे खेळाडूच ठरवतो. टोबी फॉक्स यांनी 2015 मध्ये आणलेल्या ‘अंडरटेल’ने मात्र गणितच उलटे मांडले. तिथे नव्या डावात ताकद येत नाही, केलेल्या कर्मांची आठवण येते, आणि ती खेळाडूपुरती राहत नाही. टोरिएल या मायाळू पात्राला मारून, मग पस्तावून आधी जतन केलेल्या जागेवर (सेव्हवर) परतून तिला जिवंत सोडले, तर फ्लाउई नावाचे फूल पुढच्या वळणावर भेटते आणि आपण नेमके काय केले ते तोंडावर सांगते. सगळ्यांना ठार करण्याच्या वाटेने गेलेल्या खेळाडूकडून गेम शेवटी त्याचा आत्मा मागून घेतो, आणि त्यानंतर कितीही सज्जनपणे खेळले तरी सर्वांत सुखाचा शेवट कायमचा डागाळलेला राहतो. संगणकावर खेळणाऱ्या काहींनी ही नोंद जिथे राहते ती फाइल शोधून काढली. तेव्हापासून कोरी पाटी हवी असलेला खेळाडू गेम बंद करतो, फोल्डर उघडतो आणि ती फाइल स्वतःच्या हाताने डिलीट करतो.