पिचकारी, परात आणि कायदा

मंडळी, मागे एका गृहस्थांनी मला नदीतलं सोनं ओढून काढायची प्लास्टिकची एक नळी दाखवली. हातभर लांब, आत दट्ट्या, टोकाला निमुळतं तोंड. म्हणाले, "ही तर होळीची पिचकारीच. हिला कसला आलाय कायदा?" कॅलिफोर्नियातली आपली बरीच कुटुंबं सुट्टीच्या दिवशी 'अमेरिकन' नावाच्या नदीवर परात घेऊन सोनं शोधायला जातात, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

सोनं साध्या वाळूच्या सातपट जड. पुरात ते वाहत येतं आणि तळच्या खडकाच्या भेगांत रुतून बसतं. तिथे फावडं पोचत नाही. दट्ट्या ओढला की भेगेतला गाळ पाण्यासकट नळीत येतो, मग तो परातीत धुवायचा. सराफ कट्ट्यावरची धूळ धुऊन कण काढणारे आपले झारेकरीही जडपणाच्या याच गुणावर पोट भरत आले.

आता कायदा. नदीचा तळ मोटरच्या पंपाने शोषून काढणारी यंत्रं कॅलिफोर्नियाने 2009 साली थांबवली. सॅमन मासा तळच्या खडीत अंडी घालतो, आणि ही यंत्रं तीच खडी उपसतात. शिवाय 1848 नंतरच्या सोन्याच्या धावपळीत सोनं पकडण्यासाठी वापरलेला पारा आजही गाळात पडून आहे. तो ढवळला की बारीक होऊन खाली वाहतो आणि माशांच्या अंगात साठतो.

पण बंदी आली तशा पळवाटाही आल्या. जुन्या व्याख्येत शोषनळी, मोटरचा पंप आणि सोनं अडवणारी पन्हळ या तिन्ही गोष्टी एकत्र चालू असाव्या लागत. काहींनी पन्हळ काढून ठेवली आणि आमचं यंत्र व्याख्येत बसत नाही म्हणाले. मला हे मुळीच पटलं नाही. खडी तर तेवढीच उपसली जात होती! 2015 च्या कायद्याने ते दार बंद केलं. खनिजासाठी नदीचा तळ, काठ किंवा पात्र यांतला माल काढायला, त्याला मदत करायला किंवा तो धुवायला यांत्रिक वा मोटरची व्यवस्था वापरली, की ती बंदीत आली. पन्हळ असो वा नसो.

त्याच कलमात पुढे म्हटलंय की मोटरविना, हौसेखातर केलेल्या खाणकामाला, परातीने सोनं धुण्यासह, ही बंदी लागू नाही. आपली पिचकारी या वाक्याच्या आधाराने उभी आहे. हाताने ओढली तर ठीक; तिला बॅटरीचा छोटा पंप जोडलात की हा आधार गेला. 1872 च्या केंद्रीय खाण कायद्याने आम्हाला हक्क दिलाय, असा दावा एका यंत्रवाल्याने केला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये तो फेटाळला.

खरी फसगत होते ती पुढे. मोटर नाही म्हणजे कुठेही चालेल, असं लोक धरून चालतात. याच अमेरिकन नदीवरच्या ऑबर्न गावाजवळचा काठ राज्याच्या उद्यान खात्याकडे आहे. तिथे नियम हात आणि परात एवढाच. दिवसाला माणशी पंधरा पौंड, म्हणजे सात किलोही नाही, इतकाच माल घेता येतो. दुसरं कुठलंही अवजार नको, म्हणजे पिचकारीही नको, खुरपंही नको. केंद्राच्या जमिनीवर गेलात तर तो तुकडा आधीच कुणाच्या खाणहक्कात असू शकतो. तिथलं सोनं मग त्याचं. तुमचं अवजार कितीही साधं असो. त्यामुळे घरून निघण्याआधी जागा कुणाची आहे ते बघा, मग अवजार निवडा.

जिथे पिचकारी चालते, तिथे जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. काठाची माती ओढू नका, तिथली झाडं मुळांनी काठ धरून असतात. आणि भेगेतून वर आलेल्या गाळात चांदीसारखा घरंगळणारा थेंब दिसला तर तो पाराच. तोही जड, म्हणून सोन्याच्याच जागी बसतो. हाताने शिवू नका, पाण्यात परत सोडू नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत बंद करा आणि काउंटीच्या घातक कचरा केंद्रात नेऊन द्या.