सिंहासनावरचा सेनापती : पुष्यमित्र शुंग

मित्रहो, इसवी सनापूर्वी 185च्या सुमारास मौर्यांचा अखेरचा राजा बृहद्रथ याला त्याच्याच सेनापतीने, पुष्यमित्राने, सैन्य दाखवण्याच्या निमित्ताने सारी फौज समोर उभी करून, ठार केले. ही हकिकत सातव्या शतकातील बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त एका वाक्यात सांगितली असून, तेथे त्याने बृहद्रथाला ‘प्रतिज्ञादुर्बल’ (प्रतिज्ञा पाळण्यात कमकुवत) आणि पुष्यमित्राला ‘अनार्य’ (नीच) म्हटले आहे. मारल्या गेलेल्या राजाचा दुबळेपणा आणि मारणाऱ्याचा स्वामिद्रोह, दोन्ही त्याने लपवले नाहीत, आणि मला हा निवाडा आजही न्याय्य वाटतो.

मात्र मला अधिक विचारात पाडते ते पुढचे वर्तन. पुराणे पुष्यमित्राला 36 वर्षांची कारकीर्द देतात. तरीही अयोध्येला सापडलेल्या धनदेव या राजाच्या शिलालेखात त्याचा उल्लेख ‘दोनदा अश्वमेध करणारा सेनापती’ असाच आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तही यज्ञशाळेतून विदिशेला मुलाला पत्र धाडणारा पुष्यमित्र स्वतःला सेनापतीच म्हणवतो, राजा आहे तो मुलगा, अग्निमित्र. ज्या फौजेच्या बळावर सत्ता मिळाली, तिच्याशी असलेले आपले नाते त्याला शेवटपर्यंत तोडायचे नव्हते, असे मी यावरून मानतो. आणि त्या फौजेची गरजही खरीच होती, कारण यवनाने, म्हणजे ग्रीक आक्रमकाने, साकेत आणि मध्यमिका या नगरांना वेढा घातल्याची उदाहरणे पतंजलीने आपल्या महाभाष्य या व्याकरणग्रंथात अगदी ताज्या घटना म्हणून दिली आहेत. ‘इह पुष्यमित्रं याजयामः’ (येथे आम्ही पुष्यमित्राकडून यज्ञ करवीत आहोत) हे वाक्यही त्याच ग्रंथातले.

आपल्या विदर्भाचा संबंध येथेच येतो. नाटकातील कथेप्रमाणे विदर्भाचा राजा यज्ञसेन हा मौर्यांच्या सचिवाचा मेहुणा होता, तो सचिव अग्निमित्राच्या कैदेत होता, आणि त्याला सोडाल तरच मी माझ्या कैदेतल्या चुलतभावाला, माधवसेनाला, सोडीन, असा यज्ञसेनाचा निरोप होता. म्हणजे पाटलीपुत्रातील खुनानंतरही मौर्यपक्षाचे लोक शिल्लक होते आणि त्यातल्या एकाचे सोयरे वऱ्हाडात राज्य करीत होते! अग्निमित्राने वीरसेन या आपल्या सेनानीकरवी यज्ञसेनाचा पराभव केला आणि वरदा, म्हणजे आजची वर्धा नदी, ही सीमा ठरवून विदर्भ दोन चुलतभावांत वाटून दिला. नाटक घटनेनंतर काही शतकांनी लिहिले गेले, त्यामुळे त्यातला प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेता येत नाही. पण राजकारणाची ही मांडणी निव्वळ कविकल्पना असेल, हे मला पटत नाही.

‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथात, श्रमणाचे, म्हणजे बौद्ध भिक्षूचे, शिर आणणाऱ्याला शंभर दीनार देण्याची घोषणा पुष्यमित्राने शाकल (आजचे सियालकोट) येथे केल्याचे म्हटले आहे. त्यासमोर पुरावा ठेवावा लागतो तो दगडाचा: भरहुत स्तूपाच्या तोरणावरील लेख शुंगांच्या राज्यातला असल्याचे सांगतो आणि सांचीचा मोठा स्तूप याच काळात वाढवून दगडाने मढवला गेला. ही कामे पुष्यमित्राच्या वारसांच्या काळातली असू शकतात, म्हणून त्याला सहिष्णुतेचे प्रशस्तिपत्र त्यावरून देता येणार नाही. परंतु शुंग घराण्याच्या राज्यात बौद्ध धर्म नष्ट झाला, हे विधान मात्र या दगडांपुढे टिकत नाही.