चपट्या पिना, गोल पिना

नमस्कार श्रोतेहो. क्रूझला निघालेल्या बायकांच्या बॅगेत ड्रायर, स्ट्रेटनर, कर्लिंग रॉड यांपैकी काहीतरी असतंच. काही पुरुषांच्याही असतं, ते सांगत नाहीत इतकंच. आज बोलायचंय ते या यंत्रांबद्दल आणि केबिनमधल्या सॉकेटबद्दल.

बऱ्याच मोठ्या जहाजांवर आरशापाशी दोन तऱ्हेची सॉकेट असतात. चपट्या पिनांचं अमेरिकन, ११० ते १२० व्होल्टचं. आणि गोल पिनांचं युरोपियन, २२० ते २३० व्होल्टचं. आता एक गोष्ट कानात साठवा. अडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. पुन्हा सांगते, अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही.

हे आमच्या वन्संना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची लेक अमेरिकेत असते. तिने आईला तिथला कर्लिंग रॉड दिलेला, अगदी साधा, तापमान कमीजास्त करायचं बटणही नसलेला. त्या संध्याकाळी जहाजावर फॉर्मल नाइट होती. सुट्टीवर गेलेल्या माणसाने कोट घालून जेवायचं, ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे! मला विचाराल तर समुद्रावर जावं ते सैल कपड्यांत. पण वन्संना ती रात्र चुकवायची नव्हती.

टेबलापाशी चपट्या पिनांचं सॉकेट होतं, पण त्यात भाऊजींचा कॅमेऱ्याचा चार्जर. "काढा हो जरा," वन्सं म्हणाल्या. "चार्ज होतोय," भाऊजी म्हणाले. संपलं. वन्संनी बॅगेतून अडॅप्टर काढला, रॉड त्यात खोचला आणि शेजारच्या गोल सॉकेटमध्ये लावला. दिवा लागला. रॉड तापलाही झटकन. वन्सं खूश! कपाळावरची बट गुंडाळली, मनात दहा अंक मोजायला घेतले.

चारपर्यंत पोचल्या असतील. मी पलीकडच्या केबिनमध्ये साडीला पिन लावत होते, तिथवर करपल्याचा वास आला. धावत गेले तर वन्संच्या हातात रॉड, रॉडवर गुंडाळलेली बट, आणि कपाळावर बोटभर खुंट! "वहिनी, हे असं कसं झालं?" रॉडचं प्लॅस्टिक मऊ पडून मुठीपाशी वाकलं होतं. भाऊजी कॅमेरा हातात धरून उभे. फोटो काढायची हिंमत मात्र त्यांना झाली नाही.

केबिनची देखभाल करणारा मुलगा आला. त्याने आधी प्लग उपसला, मग मोबाइलचा टॉर्च मारून मुठीवरची अक्षरं वाचली. काळ्यावर करडी, मुंगीएवढी. ती तशी छापणाऱ्यांना एकदा चष्म्याशिवाय वाचायला बसवायला हवं! त्यावर होतं १२० व्होल्ट, बस. मग त्याने भाऊजींचा चार्जर उलटा करून पाहिला. त्यावर १०० ते २४० व्होल्ट! म्हणजे चार्जर दोन्हीकडे चालला असता, आणि रॉडला हवं असलेलं एकमेव सॉकेट तोच अडवून बसला होता. त्या रात्री वन्सं डोक्याला स्कार्फ बांधून जेवल्या. भाऊजींशी बोलल्या त्या थेट पुढच्या बंदरात.

कारण सोपं आहे. व्होल्टेज दुप्पट झालं की तापणाऱ्या तारेची उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. उलटं केलंत, म्हणजे २३० व्होल्टचा १६०० वॉटचा ड्रायर ११० वर लावलात, तर जेमतेम पाव ताकद उरते. केस वाळायच्या आधी बंदर येईल.

म्हणून बॅग भरताना लेबल वाचा. १०० ते २४० असं लिहिलेलं असेल तर नुसता अडॅप्टर पुरतो. एकच आकडा असेल तर त्याच व्होल्टेजचं सॉकेट शोधा. काही प्रवासी ड्रायरवर व्होल्टेज बदलायची खाच असते, ती आधी नाण्याने फिरवून घ्या. व्होल्टेज बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरच्या भानगडीत पडू नका. ड्रायरची ताकद पेलणारा कन्व्हर्टर जड असतो, आणि केबिनमध्ये बहुधा ड्रायर असतोच. तो दमेकरी असतो हे खरं, पण डेकवर पाच मिनिटं उभं राहिलात की कुणाच्याही केसांची तीच गत होते.

बाथरूममधलं शेव्हरचं सॉकेट फक्त शेव्हरसाठी, ड्रायर तिथे लावायचा नाही. कपड्यांची इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून यंत्रं वाचवणारा भाग, असलेला एक्स्टेंशन बोर्ड बहुतेक कंपन्या चढतानाच काढून घेतात, तेव्हा ते घरीच ठेवा. आणि स्ट्रेटनर तापत ठेवून आंघोळीला जाऊ नका. जहाज हलतं, टेबलावरची वस्तू सरकते, आणि खाली गालिचा असतो. नमस्कार.