बॉनेटखालची जागा

नमस्कार श्रोतेहो. आज सहा सिलिंडरच्या इंजिनाबद्दल बोलायचंय. सहा सिलिंडर म्हटलं की डोळ्यांपुढे महागड्या परदेशी मोटारी येतात, पण आपल्यातल्या कितीतरी जणांनी सहा सिलिंडरना अगदी खेटून प्रवास केलाय. जुन्या एसटीत ड्रायव्हरच्या डाव्या हाताला ते उंच, गरम झाकण असायचं ना? वर रेक्झिन, शिवणीत उसवलेलं, त्यावर भाजीच्या पिशव्या आणि एखादं पोरगं बसवलेलं. बऱ्याच गाड्यांत त्या झाकणाखाली सहा सिलिंडर एका रांगेत उभे असत. शेजारी पाटी असायची, चालकाशी बोलू नये. ती पाटी कोणी पाळली नाही, आणि रात्रीच्या घाटात ड्रायव्हरला जागं ठेवायचं पुण्य त्या न पाळणाऱ्यांनाच आहे असं माझं ठाम मत आहे. असो.

तर एका रांगेतले सहा म्हणजे इनलाइन सिक्स. तेच सहा तीन-तीनच्या दोन रांगांत, एकमेकांपासून तिरके कलवून बसवले की व्ही-सिक्स. पुन्हा सांगतो, एक रांग म्हणजे इनलाइन, दोन तिरक्या रांगा म्हणजे व्ही. इनलाइनमध्ये पुढचे तीन पिस्टन, म्हणजे सिलिंडरात वर-खाली पळणारे दट्टे, जे हादरे देतात ते मागचे तीन पिस्टन बरोबर उलटे देऊन खोडून काढतात, म्हणून ते इंजिन इतकं गुळगुळीत चालतं. व्हीमध्ये प्रत्येक रांगेत तीनच सिलिंडर, त्यामुळे इंजिन पुढे-मागे डोलायला बघतं. ते आवरायला कुठे बॅलन्स शाफ्ट, म्हणजे उलटा झोका देणारा जादा दांडा, घालतात, कुठे इंजिनाखालचं रबर मऊ ठेवतात. शिवाय व्हीला हेड, म्हणजे सिलिंडरांवरची झाकणं, दोन, एक्झॉस्टचे पाइप दोन्ही बाजूंना, म्हणजे खर्चही जास्त. मग व्ही करायचंच कशाला? तर लांबी. व्ही आखूड असतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आडवं बसवायचं तर लांबलचक इनलाइन मावत नाही, व्ही मावतं. इटलीत लान्सियाने १९५० साली ऑरेलिया गाडीत व्ही-सिक्स घातलं, दोन रांगांत ६० अंशांचा कोन ठेवून. फ्रान्चेस्को दे विर्जिलिओ या इंजिनियरने त्याच्या हादऱ्यांचं गणित कित्येक वर्षं घोटलं होतं. मोटारीत मालिकेने बनलेलं ते पहिलं व्ही-सिक्स.

हे झालं पुस्तकी. आता मला जे सांगायचंय ते ऐका, यासाठीच मी हा विषय घेतला.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं गाव आहे. तिथे जनरल मोटर्सच्या ब्युइक गाड्या बनत. १९६२ च्या मॉडेलसाठी ब्युइकला स्वस्तातलं छोटं इंजिन हवं होतं. त्यांच्याकडे आठ सिलिंडरचं व्ही-एट आधीच होतं, त्याची यंत्रंही मांडलेली होती. त्यांनी त्यातले दोन सिलिंडर कमी केले आणि बिडाचं व्ही-सिक्स काढलं. पण व्ही-एटचा कोन ९० अंशांचा, तो तसाच राहिला. आता बघा, चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडरमध्ये क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा, दर १२० अंश फिरला की एक स्फोट व्हायला हवा. इथे एक स्फोट ९० अंशांनी, पुढचा १५० अंशांनी, परत ९०, परत १५०. दोन बायका एका उखळात कांडतायत आणि एकीचं मुसळ दरवेळी लवकर पडतंय, तसला ताल. गाडी उभी असली की थरथरायची.

पाच-सहा वर्षांनी ब्युइकला त्याचा कंटाळा आला. पेट्रोल स्वस्त होतं, गिऱ्हाइकाला मोठी इंजिनं हवी होती. १९६७ मध्ये त्यांनी हे इंजिन यंत्रसामग्रीसकट कायझर-जीपला विकून टाकलं. जीप म्हणजे तीच, विलिज घराण्यातली, जिची भावंडं महिंद्रने मुंबईत जुळवली. जीपवाल्यांनी त्याला जड फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं चाक, लावलं म्हणजे थरथर जरा दबते, आणि मजेत वापरलं. जीपमध्ये बसलेल्या माणसाला हादऱ्यांचं काय कौतुक!

मग १९७० मध्ये अमेरिकन मोटर्स या मोटार कंपनीने कायझर-जीप विकत घेतली. त्यांच्याकडे स्वतःचं इनलाइन सिक्स होतं, चांगलं, गुळगुळीत. त्यांनी व्ही-सिक्स बाजूला सारून तेच जीपमध्ये घालायचं ठरवलं. आणि काय झालं? मावेना! १९७२ च्या सीजे-फाइव्ह या जीपचं नाक, म्हणजे बॉनेट आणि मडगार्ड, ५ इंच लांब करावं लागलं. ५ इंच! व्ही आणि इनलाइनमधला फरक कोणी विचारला की मी त्या जीपचं नाक दाखवतो.

व्ही-सिक्सची यंत्रं तिकडे पडून. आणि १९७३ मध्ये अरबांनी तेल रोखलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि मोठमोठी व्ही-एट विकणारी जनरल मोटर्स अडचणीत आली. कंपनीकडे शेव्हरोलेचं इनलाइन सिक्स होतं, ब्युइकच्या अपोलो गाडीत ते बसतही होतं. पण ब्युइकच्या इंजिनियरांनी भंगाराच्या अड्ड्यावरून आपलंच जुनं व्ही-सिक्स उचलून आणलं आणि १९७४ च्या अपोलोत बसवून बघितलं. भंगारातून, ऐकताय ना? आणि ते झकास चाललं. मग अमेरिकन मोटर्सला विचारलं, आम्हाला ही इंजिनं बनवून द्याल का? त्यांनी भाव सांगितला तो परवडेना. शेवटी एप्रिल १९७४ मध्ये आपलीच विकलेली यंत्रं परत विकत घेतली! फ्लिंटच्या कारखान्यात जुन्या यंत्रांचे पाये शाबूत होते. यंत्रं तिथेच परत उभी केली आणि ऑगस्टमध्ये इंजिनं बाहेर पडायला लागली.

म्हणून म्हणतो, जुनी यंत्रं विकायची घाई करू नये. आमच्याकडे तर घरातली चांगली चालणारी शिलाई मशीनसुद्धा किलोच्या भावाने जातात. पण तो विषय वेगळा.

थरथर मात्र होतीच. १९७७ मध्ये ब्युइकने क्रँकवरची प्रत्येक पिन, जिला दोन पिस्टन जोडलेले असतात ती, दुभंगून दोन अर्धी ३० अंशांनी सरकवली. ९० आणि ३० मिळून १२०, ताल जुळला. त्या इंजिनाचे वंशज २००८ पर्यंत बनत होते.

हे सगळं पाहिल्यावर कुठलं चांगलं, या प्रश्नाला मी एकच उत्तर देतो. गाडीत जागा किती आणि कारखान्यात यंत्रं कुठली उभी आहेत, ते आधी सांगा. पुन्हा सांगतो, जागा आणि यंत्रं. मर्सिडीजचंच बघा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी इनलाइन सोडून व्ही-सिक्स घेतलं, कारखान्यात व्ही-एटच्याच यंत्रांवर बनेल असं, ९० अंशांचं. २०१७ मध्ये परत इनलाइनवर आले. कारण आता पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालवून त्यांना फिरवणारा पुढचा पट्टाच काढून टाकला, इंजिन आखूड झालं. आणि चार सिलिंडरचं त्यांचं नवं इंजिनही त्याच घराण्यातलं, सिलिंडरमागे साधारण अर्धा लिटर. बीएमडब्ल्यू मात्र, मधली काही वर्षं सोडली तर, १९३३ पासून मोटारींत इनलाइन सिक्स बनवत आलीय.

हल्ली बॉनेट उघडलं तरी यातलं काही दिसत नाही, वर काळ्या प्लॅस्टिकचं झाकण आणि त्यावर अक्षरं. मला त्या झाकणाचा राग येतो. तेव्हा कोणी जुनी व्ही-सिक्स गाडी घ्यायला निघालं असेल तर झाकण काढून बघा. इंजिन आडवं असेल तर मागचे तीन स्पार्क प्लग केबिनच्या पत्र्याकडे तोंड करून असतात आणि बऱ्याच गाड्यांत ते बदलायला वरचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांचा जुडगा, उतरवावा लागतो. त्या तीन प्लगांची मजुरी किती, हे सौदा ठरायच्या आधी मेकॅनिकला विचारून घ्या. नमस्कार.