तारखेने दिलेला विषय

नमस्कार, श्रोतेहो. दिवाळी अंक हातात पडला की आपण ओळखीचं नाव शोधतो आणि तिथूनच वाचायला लागतो. यंदा अनुक्रमाने वाचून पाहा. विषय ठरवून न दिलेल्या अंकातही एकच गोष्ट तीन-चार लेखकांकडे निघते.

एका गोमंतकीय अंकाचा किस्सा ऐका. निमंत्रणात स्पष्ट लिहिलं होतं, विषयाचं बंधन नाही. मुद्रितं तपासताना दिसलं की जिथे तिथे बंद घर. एका कथेत फोंड्याचं, दुसरीत पेडण्याचं, दोन्हीकडे किल्ली शेजारणीकडे. ललित लेखात देवघराची वाळवीने खाल्लेली चौकट. शेतीवरच्या लेखातसुद्धा मालक मुंबईला, म्हणून कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, पाट बुजलेला. लेखकांची एकमेकांशी ओळखही नाही. मग जुळलं कसं? साहित्य पाठवायची मुदत होती चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, पंधरा दिवस. चवथीला मंडळी मूळ घरी गेली, कुलूप काढलं, गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधली, पुन्हा कुलूप घातलं आणि येऊन लिहायला बसली. परत सांगतो: विषय संपादकाने दिला नव्हता, तारखेने दिला होता.

पुढची गंमत अशी, की दोन्ही कथा कुलपात किल्ली फिरते तिथेच संपत होत्या आणि अंकात एकीला लागून एक लागल्या होत्या. अशा वेळी दुसरी कथा पहिलीची नक्कल वाटते. म्हणून ती चार फर्मे मागे नेली. छपाईचा एक फर्मा सोळा पानांचा, म्हणजे ६४ पानं. मधे विनोदी लेख आला. एक अक्षर न बदलता तीच कथा पहिलीला उत्तर देऊ लागली. संपादकीयात याचा उल्लेख नव्हता, ते बरंच झालं. संपादकीय एका पानात आटपावं. आणि कविता जाहिरातीखालच्या उरल्यासुरल्या जागेत कोंबू नये, पण ते जाऊ द्या.

दिवाळी अंकात पाऊस इतका का, तेही यातच आलं. लिहिणं आषाढ-श्रावणातलं, वाचणं आश्विनातलं.

वाचताना प्रत्येक कथा-कवितेपुढे तीन नोंदी करा: जागा कोणती, ऋतू कोणता, शेवटी कोण निघून जातं. नुसते शब्द जुळवू नका. गोव्याच्या अंकात समुद्र सापडणारच. त्या समुद्राचं पुढे काय होतं ते पाहा. एखादी गोष्ट दोनदा आली तर सोडून द्या, तिसऱ्यांदा आली की मागची पानं उलटा. नोंदी वेगळ्या कागदावर करा, वाचनालयाच्या प्रतीवर पेन्सिल चालवू नका. तुमच्यानंतर नंबर लावून बसलेली माणसं असतात.